चार नंबरची खोली

योरुन आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो, आणि त्यानंतरची पन्नास वर्षं आमची स्वयंपाकघरं एकमेकींच्या खिडकीसमोर आहेत. म्हणून हे मी सांगू शकते. दुसऱ्या कुणी सांगितलं तर ते एक तर तिला सांभाळून घेतील, नाही तर तिला झोडपतील.

आमचं स्टाइनविका म्हणजे नव्वद माणसांचं गाव. समोर समुद्र, पाठीशी उभा डोंगर, आणि डोंगरापलीकडे सँडबुक्ता. तिथपर्यंत बस येते, आमच्याकडे येत नाही. आमच्याकडे बोट येते, सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी. योरुनचा नवरा कोरे मासेमारीच्या बोटीवर होता. तो हृदयविकारानं गेला त्याच वर्षी मासळीचा कारखाना बंद पडला. घर मोठं, मुलगी दूर ओस्लोला. योरुननं वरच्या चारही खोल्या रंगवून घेतल्या, दारांवर आकडे लावले आणि पाहुणे घ्यायला लागली. चादरी बदलायला मी मंगळवारी आणि शनिवारी जायचे.

पाहुणे तिच्यावर खूश असायचे. त्याचं कारण खोल्या नव्हेत, खोल्या साध्याच होत्या. कारण ती स्वतः होती. कोण काय बघायला आलंय, कुणाचे गुडघे दुखतात, कुणाचं नवराबायकोचं भांडण चालू आहे, हे तिला नाश्त्याच्या टेबलावर कळायचं, आणि त्याप्रमाणे ती प्रत्येकाला वेगळा दिवस आखून द्यायची. प्रत्येक खोलीच्या दारामागे तिच्या हातानं लिहिलेला कागद असायचा. चर्चची किल्ली दुकानात मागा. माशाचं सूप धक्क्यावरच्या लाल घरात छान मिळतं, पण एकच्या आत जा, नंतर बटाटेच उरतात. पक्ष्यांच्या कड्याकडे जाताना डोक्यावर टोपी हवी, पिल्लांच्या दिवसांत पक्षी झडप घालतात. रविवारी दुकान बंद, पाव शनिवारीच घेऊन ठेवा. लाकडी मांडवांवर वाळत घातलेले मासे शोभेचे नाहीत, हात लावू नका. असं बरंच काही.

लोक तो कागद फोटो काढून घेऊन जायचे. योरुनला त्याचा अभिमान होता, आणि का नसावा? नवरा गेल्यावर बाई घरात बसून खचते, असं आम्ही सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. ती खचली नाही.

अस्गर आला तो ऑगस्टमधला शनिवार होता. खरं तर शनिवारी बोट नसते, तो कुणाच्या तरी मासेमारीच्या होडीतून आला होता. डेन्मार्कचा, सत्तावीस वर्षांचा, लांब मानेचा. तिकडे कुठल्याशा शाळेत सुतारकाम शिकवायचा. डेन्मार्कची माणसं घशात गरम बटाटा धरून बोलतात असं आम्ही म्हणतो. तो मात्र आमच्यासाठी सावकाश बोलायचा. योरुननं त्याला चार नंबरची खोली दिली. ही सगळ्यात लहान, पण तिच्या खिडकीतून खिंड दिसते. तीन दिवस त्यानं तिच्या कागदावरचं एकेक केलं. कड्यावर गेला, चर्चमध्ये बसला, सूप प्यायला, आणि एकच्या आत प्यायला. संध्याकाळी येऊन तिला सांगायचा, "तुम्ही म्हणालात तसंच होतं."

मंगळवारी सकाळी मी चादरी घेऊन जिन्यात होते. खाली स्वयंपाकघरातलं सगळं ऐकू येत होतं.

तो म्हणाला, "योरुन, मी आज जायचं म्हणत होतो, पण डोंगरावर ढग बसलाय. उद्याच्या बोटीनं गेलो तर चालेल का? आणखी एक रात्र मिळेल?"

तिच्याकडे त्या दिवशी पाच फोटोवाले येणार होते, हॉलंडचे. त्यांनी तीन खोल्या घेतल्या होत्या. आणि त्याच सकाळी त्यांचा निरोप आला होता की चौथीही मिळाली तर बरं, सामान फार आहे. योरुननं होकार कळवून पुरता तासही झाला नव्हता.

"आज नाही रे जमणार," ती म्हणाली. "घर भरलंय. पण तू कशाला अडकून पडतोस? तो ढग दुपारपर्यंत उठतो. खिंडीतून सँडबुक्ताला जा, चार तासांची वाट आहे. तिथे वसतिगृह आहे, स्वच्छ आहे, आणि त्यांच्याकडचा कोकराचा रस्सा माझ्यापेक्षा चांगला असतो, हे मी सांगते म्हणजे बघ."

"वाट सापडेल ना?"

"दगडांच्या राशी आहेत खुणेला. वर पोचलास की मोठी रास दिसेल, तिथून डावीकडे वळ. आमच्या इथल्या म्हाताऱ्यासुद्धा जातात."

तो हसला. नाश्त्यातला पाव आणि चीज बांधून घेऊ का, म्हणून त्यानं विचारलं. तिनं त्याला वर दोन उकडलेली अंडी दिली. मी खोलीत गेले तर त्याची सॅक भरून दाराशी ठेवलेली. फोटोवाले लवकर येणार म्हणून मला घाई होती. मीच ती सॅक उचलून बाहेर पायऱ्यांवर नेऊन ठेवली. तो माझे आभार मानत गेला. ढग होता तिथेच होता.

नैऋत्येचा वारा असताना खिंडीवर असा पसरट ढग बसला की तो दोन दिवस उठत नाही. हे आमच्या गावात जन्मलेल्या कुणालाही ठाऊक असतं. मला ठाऊक होतं. योरुनला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं, तिनं तीस वर्षं कोरेची बोट कधी निघेल आणि कधी नाही हे त्याच खिडकीतून बघितलेलं.

फोटोवाले दुपारी आले. माणसं तीन खोल्यांत नीट मावली. चार नंबरमध्ये त्यांनी कॅमेऱ्यांच्या पिशव्या ठेवल्या.

बुधवारी सकाळी डेन्मार्कहून अस्गरच्या आईचा फोन आला. पोचल्यावर कळवतो म्हणाला होता, कळवलं नाही, तुमच्याकडेच आहे का? योरुननं सँडबुक्ताच्या वसतिगृहात फोन लावला. तिथे कुणी डॅनिश मुलगा आलाच नव्हता. मग गावातले पुरुष निघाले, पलीकडून शोधपथक निघालं. धुक्यामुळे हेलिकॉप्टर गुरुवारपर्यंत उडूच शकलं नाही. गुरुवारी दुपारी तो सापडला, खिंडीच्या उत्तरेला, ओढ्याच्या घळीत.

कसं झालं तेही कळलं. खिंडीत पोचायच्या अलीकडे पर्यटकांनी हौसेनं रचलेली दगडांची एक उंच रास होती. धुक्यात त्याला तीच खुणेची वाटली. तिथून तो डावीकडे वळला. डावीकडे कडा होता.

गाव योरुनच्या भोवती उभं राहिलं. रोज कुणी ना कुणी केक घेऊन यायचं. "तुझा काय दोष गं? ऐकतात का हे पर्यटक? आपण सांगतो एक, हे करतात दुसरं. अशा हवेत कुणी डोंगर चढतं का?" मान डोलावून ती कॉफी ओतायची. पोलिसानं विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली की त्यानं वाट विचारली, मी सांगितली. त्यानंही एवढंच लिहून घेतलं.

सगळे गेल्यावर एकदा ती मला म्हणाली, "तुरिद, तो ऐकत होता. शब्दन् शब्द ऐकला त्यानं माझा."

मी म्हणाले, "गप्प बस आता." मला मी पायऱ्यांवर नेऊन ठेवलेली ती सॅक आठवत होती.

त्या हिवाळ्यात ती वाळली. मुलीकडे ओस्लोला गेली आणि आठवड्यात परत आली. चार नंबरला कुलूप होतं. मार्चमध्ये एक दिवस मला खिडकीतून खुणेनं बोलावलं आणि फोन माझ्यापुढे धरला. अस्गरच्या वडलांचं पत्र होतं. नाव प्रेबेन. ऑगस्टमध्ये तीन रात्री राहायला येऊ इच्छितो, माझ्या मुलाची खोली मिळाल्यास उपकार होतील.

"काय लिहू?" तिनं विचारलं.

"नाही म्हण. घर भरलंय म्हण."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "पुन्हा?"

तिनं 'या' म्हणून कळवलं.

प्रेबेन आला बुधवारच्या बोटीनं. बुटका, रुंद खांद्यांचा, आयुष्यभर फरशा बसवून गुडघे गेलेला माणूस. दारात बूट काढायला त्याला वेळ लागायचा, आणि आपल्यामुळे दुसऱ्याला थांबावं लागतं याची त्याला लाज वाटायची. स्वतः भाजलेला काळा पाव कापडात गुंडाळून आणला होता. तो योरुनच्या हातात दिला आणि म्हणाला, "बायकोनं नमस्कार सांगितलाय. तिला डोंगर बघायचा नाही, म्हणून ती आली नाही."

योरुनला वाटलं होतं तो जाब विचारायला येईल. मलाही. त्यासाठी ती महिनाभर मनाची तयारी करत होती. पण त्यानं जाब विचारला नाही. त्यानं खिशातून छोटी वही काढली आणि म्हणाला, "तुम्ही सगळ्यांना सांगता ते मलाही सांगा. कुठे जायचं, काय खायचं. त्यानं जे केलं ते मला क्रमानं करायचंय."

आणि तिला सांगावं लागलं. मी भांडी विसळत होते, माझी पाठ होती त्यांच्याकडे. चर्चची किल्ली कुठे, कड्यावर टोपी का घालायची, सूप किती वाजेपर्यंत. तो शाळेतल्या पोरासारखा लिहून घेत होता. मध्येच थांबून विचारायचा, "त्याला सूप आवडलं होतं का?" "हो, दोनदा घेतलं." हेही तो लिहायचा.

दोन दिवस त्यानं तेच केलं. लाल घरातल्या बाईनं सूपाचे पैसे घेतले नाहीत तर तो अवघडला, आणि तिचं न्हाणीघर बघून निखळलेल्या दोन फरशा बसवून दिल्या. संध्याकाळी योरुनच्या टेबलाशी बसून त्यानं आम्हाला फोन दाखवला. अस्गरनं त्या मंगळवारी सकाळी आईला पाठवलेला निरोप होता. 'इथल्या मालकीणबाई फार चांगल्या आहेत, सगळं समजावून सांगतात. आज सोप्या वाटेनं पलीकडे जातोय. काळजी करू नकोस.'

"हे वाचून आम्हाला बरं वाटतं," प्रेबेन म्हणाला. "शेवटी चांगल्या माणसांत होता."

योरुन उठली आणि बाहेर सरपणाच्या खोलीत गेली. बराच वेळ आली नाही. मी त्याच्याशी डेन्मार्कच्या हवेबद्दल बोलत बसले.

तिसऱ्या दिवशी तो खिंडीतून सँडबुक्ताला जाणार होता आणि तिथून बसनं घरी. आकाश लख्ख होतं, डोंगराची कड दिसत होती. मी मुद्दामच गेले होते. योरुन पावाचे काप चीज घालून कागदात बांधत होती, आणि तिला तो कागद काही केल्या दुमडता येईना. एक कोपरा धरला की दुसरा सुटायचा. प्रेबेननं हात पुढे केला, "द्या, मी करतो."

"बसा," ती म्हणाली. "मला तुम्हाला काही सांगायचंय."

तो बसला.

"त्या दिवशी त्यानं आणखी एक रात्र मागितली होती. ढग बघून तो स्वतःच म्हणाला, उद्या जातो. मी म्हटलं घर भरलंय."

"असेल ना. सीझन होता."

"भरलं नव्हतं. चार नंबरची खोली मी तासाभरापूर्वी दुसऱ्यांना दिली होती. त्यांना ती झोपायला नको होती, सामान ठेवायला हवी होती. मी त्यांना नाही म्हणू शकले असते. मी त्याला माझ्या बैठकीत झोपवू शकले असते. मला त्रास नको होता, बस. आणि ढग उठणार नाही हे मला माहीत होतं. तरी मी उठेल म्हणाले. डावीकडे वळ, हे मीच सांगितलं. अलीकडच्या खोट्या राशीबद्दल सांगायला विसरले."

मी म्हणाले, "आणि सॅक मी बाहेर नेऊन ठेवली." कुणी माझ्याकडे पाहिलं नाही.

प्रेबेनचे हात टेबलावर होते. मोठे, भेगा पडलेले. त्यानं ते उचलून मांडीवर ठेवले.

"सामान म्हणजे काय होतं?"

"कॅमेऱ्याच्या पिशव्या."

"कॅमेऱ्याच्या," तो म्हणाला. मग, "तो चिडला होता का?"

"नाही. आभार मानून गेला."

"हो. तो तसाच आहे."

तो उठला. वर जाऊन आपली पिशवी घेऊन आला. बूट घालायला त्याला नेहमीसारखाच वेळ लागला, आणि त्या वेळात आम्ही दोघी उभ्या होतो. योरुन म्हणाली, "मी येते वरपर्यंत. खोट्या राशीपर्यंत तरी." त्यानं मान हलवली, नको. टेबलावरची पावाची पुडीही त्यानं घेतली नाही. आम्ही खिडकीतून त्याला खिंडीकडे चढताना बघत राहिलो, ठिपका होईपर्यंत. चार वाजता सँडबुक्ताहून फोन आला की एक म्हातारा डॅनिश माणूस पोचला, रस्सा नको म्हणाला आणि बसथांब्यावर जाऊन बसला.

मला वाटलं होतं आता तिचं ओझं उतरेल. ती दुसऱ्याच दिवशी पोलिसाकडे गेली आणि सगळं पुन्हा लिहून घे म्हणाली. तो आमच्याच गावचा जावई. त्यानं लिहून घेतलं, आणि वर म्हणाला, "योरुन, खोली नाकारणं हा गुन्हा नाही गं. मी याचं काय करू?"

"फाइलला लाव."

"लावतो. पण त्यानं काही होणार नाही."

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

मग तिनं दारामागचा कागद नव्यानं लिहिला. चर्च, सूप, टोपी, सगळं खाली गेलं. सगळ्यात वर लिहिलं: 'गेल्या वर्षी या घरातला एक पाहुणा माझ्या सांगण्यावरून खराब हवेत खिंडीत गेला आणि मेला. खोली रिकामी असूनही मी त्याला ठेवून घेतलं नव्हतं. हवेबद्दल मला विचारू नका, ज्याला तुमच्याकडून काही मिळणार नाही अशा माणसाला विचारा. ढग असेल तर जाऊ नका. राहायला जागा मी देईन.'

आठ दिवसांत हालवर तिच्या दारात. हालवर आमच्या पर्यटन मंडळाचा अध्यक्ष, होड्या भाड्यानं देतो, माझा चुलतभाऊ लागतो. बसलाही नाही.

"हे काय लावलंयस दारामागे? लोक फोटो काढून जगभर पाठवतायत."

"वाचण्यासाठीच लावलंय."

"अगं, गावात उरलंय काय? मासळी गेली. शाळेत सात पोरं आहेत. हे चार पाहुणे येतात त्यावर दुकान चालतं, बोट चालते. बोट बंद झाली की तू काय पोहत जाणार दवाखान्यात? तुला पश्चात्ताप झालाय ना, मग चर्चमध्ये जा, पाद्र्याला सांग. आमच्या पोटावर का पाय देतेस?"

"मी खोटं काय लिहिलंय ते दाखव."

"खोटं कुठे म्हणतोय मी?" हालवर ओरडला. "खरं आहे म्हणून तर म्हणतोय!"

तिनं कागद काढला नाही. मंडळानं आपल्या यादीतून तिचं घर काढलं. पाहुणे निम्म्यावर आले. दुकानात ती शिरली की बोलणं थांबायचं. हीच माणसं आदल्या वर्षी केक घेऊन आली होती. केक आणणं सोपं होतं, तेव्हा दोष मेलेल्या पोराचा होता. मी कुणाच्या बाजूनं होते म्हणाल, तर मी तिच्याकडे चादरी बदलायला जात राहिले, आणि हालवरच्या नातीच्या वाढदिवसालाही गेले. याहून जास्त मी काही केलं नाही.

नोव्हेंबरात प्रेबेनचं पत्र आलं. हातानं लिहिलेलं, अर्धं पान. तिनं मला वाचायला दिलं.

'त्या दिवशी मी काही बोललो नाही, कारण बोललो असतो तर वाईट बोललो असतो. तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत की नाही, मला कळत नाही. त्याच्या आईला मी हे सांगितलेलं नाही. ती अजून त्याचा तो निरोप रोज वाचते आणि तुमचं नाव चांगलं घेते. तिला तुम्हाला नाताळचं कार्ड पाठवायचंय. ते आलं तर तुम्ही साधंसं उत्तर द्या. बाकी काही लिहू नका. प्रेबेन.'

योरुननं पत्राची घडी घातली. मग म्हणाली, "मी माझं ओझं त्याच्या डोक्यावर ठेवलं गं. आता तो घरात बायकोसमोर बसतो आणि गप्प राहतो. माझ्यामुळे."

"मग सांगायला नको होतंस का?"

"सांगायलाच हवं होतं," ती म्हणाली. "पण बरं वाटेल असं का वाटलं मला?"

कार्ड आलं. लाल मेणबत्तीचं चित्र, आणि आत सुवाच्य अक्षरात आभार. योरुनला उत्तर लिहायला चार दिवस लागले. शेवटी तिनं लिहिलं की अस्गरला आमचं सूप आवडलं होतं, आणि तो आमच्यासाठी सावकाश बोलायचा. तेवढंच. ते खरं होतं.

आता या उन्हाळ्यातलं सांगते. जुलैमध्ये एक जोडपं आलं, लांबच्या शहरातलं, दोघंही धडधाकट, पायांत नवे कोरे बूट. तिसऱ्या सकाळी खिंडीवर ढग. त्यांना पलीकडे जायचं होतं, तिथून पुढचं सगळं ठरलेलं होतं.

योरुन म्हणाली, "आज जाऊ नका. उद्या बोट आहे. आजची रात्र माझ्याकडून, पैसे नकोत."

त्यांच्यातली मुलगी हसली. "आमच्याकडे फोनमध्ये नकाशा आहे हो, आजी."

"फोन ओला होतो. नकाशाला कडा दिसत नाही. मागच्या—"

"वाचलंय आम्ही दारामागे," नवरा म्हणाला. तो उर्मट नव्हता, फक्त घाईत होता. "आम्ही काळजी घेऊ. आणि तुम्हीही वाईट वाटून घेऊ नका सारखं."

ते निघाले. मी पाव भाजायचा साचा घेऊन आले होते, तिचा तिला परत द्यायला. बघते तर योरुन दाराशी बसून कोरेचे जुने बूट चढवतेय.

"कुठे निघालीस?"

"वर."

"गुडघा बघितलायस स्वतःचा? त्यांनी ऐकलं नाही, संपलं. आता त्यांचं ते बघतील."

"नाही ऐकलं तर नाही ऐकलं," ती म्हणाली. "कुणी ऐकलं नाही म्हणून माझं काम संपत नाही."

तिनं काठी घेतली, कोरेची बोटीवरची शिट्टी गळ्यात अडकवली आणि गेली. मी हालवरला फोन केला. कागदावरून झालेल्या भांडणानंतर त्यानं तिच्या दारात पाय ठेवला नव्हता. तो शिव्या घालत आला, आणि शिव्या घालतच तिच्यामागे चढायला लागला.

पुढचं मला हालवरनं सांगितलं. धुकं इतकं होतं की स्वतःचे बूट दिसत नव्हते. योरुन त्या दोघांच्या मागे शंभरेक पावलांवर चालत होती, त्यांच्या बोलण्याच्या आवाजावर. खोट्या राशीपाशी ते थांबले. डावीकडे की सरळ, यावर दोघांचा वाद चालू झाला. तेव्हा तिनं सरळ वाटेच्या अंगाला जाऊन शिट्टी वाजवली आणि ओरडली, "इकडे! वाट इकडे आहे!" त्यांना वाटलं कुणी मेंढपाळ असेल. आवाजाच्या दिशेनं आले, आभार मानून पुढे गेले. धुक्यात तिचा चेहराही त्यांना दिसला नाही. हालवर तिला गाठेपर्यंत ती एका दगडावर बसली होती, गुडघा धरून.

"म्हातारे, वेड लागलंय का तुला?" तो म्हणाला.

"ती रास पाडायला मदत कर," ती म्हणाली.

दोघांनी मिळून ती पाडली. तासभर लागला. दगड एकेक करून कड्याच्या उलट बाजूला नेऊन टाकले. का कुणास ठाऊक, गेल्या दोन वर्षांत हे कुणालाच सुचलं नव्हतं. शोधाला गेलेले पुरुष त्या राशीजवळून परत आले होते, मीही दोनदा तिथून गेले होते. प्रत्येकाला वाटलं असेल, दुसरा कुणी पाडेल. उतरताना हालवरनं तिला निम्मी वाट खांद्याचा आधार देऊन आणलं. दारापाशी म्हणाला, "तो कागद मात्र मला अजून पटलेला नाही."

"नको पटू दे," ती म्हणाली. "कॉफी घेणार?"

तो आत आला.

ते जोडपं सँडबुक्ताला सुखरूप पोचलं. पंधरा दिवसांनी त्यांनी इंटरनेटवर तिच्या घराबद्दल लिहिलं. मी वाचून दाखवलं, कारण तिचा चष्मा सापडत नव्हता. पाचपैकी तीन तारे. खोली स्वच्छ, नाश्ता उत्तम, गाव शांत, सूप चुकवू नका. पण मालकीणबाई उगाच भीती घालतात, त्यानं सुट्टीचा थोडा विरस होतो. वाट मुळीच अवघड नाही.

योरुन पाय पाटावर ठेवून बसली होती, गुडघ्याला पट्टी होती.

"वाट अवघड नाही असं लिहिलंय?" तिनं विचारलं.

"हो."

"त्याखाली उत्तर लिहिता येतं का गं?"

"येतं."

"मग लिही. ढग असेल तर अवघड आहे."

मी लिहिलं.